रोज पंचवीस ओव्या: ज्ञानेश्वरीचा नेम अर्ध्यात सुटू नये म्हणून

आमच्या सोसायटीत दर आषाढीला चार-पाच जण ज्ञानेश्वरीचं नित्यवाचन धरतात. श्रावण सरेपर्यंत त्यातले दोघे उरतात, आणि गौरी-गणपतीची आवराआवर झाली की तेही ‘आता कार्तिकीपासून नव्याने’ म्हणतात. हसायला मला जागा नाही. मी स्वतः तीनदा असाच गळालो, तिन्ही वेळा सहाव्या अध्यायाच्या तोंडाशी. चौथ्यांदा ग्रंथ पूर्ण झाला तेव्हा भक्ती वाढली होती असं मला तरी वाटत नाही. बेत बदलला होता. आधी मी नेम चांगल्या दिवसाच्या मापाने शिवला होता: लवकर जाग, घरात शांतता, पाऊण तास मोकळा. चौथ्या वेळी माप वाईट दिवसाचं घेतलं: पाहुणे आलेत, लोकल रखडलीय, अंगात कणकण आहे. वाईट दिवशी अंगाला बसणारा नेम चांगल्या दिवशी जरा सैल होतो, इतकंच.

पुढे जे लिहिलंय ते या मापाबद्दल आहे. ग्रंथ थोर का, हे इथे सांगत नाही. ते पटलेलं असूनही ज्यांची खूण अर्ध्यात अडकते, त्यांच्यासाठी हे आहे.

## आधी एक घोटाळा मिटवू: पारायण आणि नित्यवाचन

सप्ताहात ग्रंथ सात दिवसांत होतो. ओव्या साधारण नऊ हजार, म्हणजे दिवसाला तेराशेच्या घरात. तिथे व्यासपीठावरून कोणी पुढे म्हणत असतं, मागे पन्नास आवाज असतात, पंगत तयार असते आणि घरचं काम सात दिवसांपुरतं दुसऱ्याने उचललेलं असतं. तो वेग घरी आणला की चौथ्या दिवशी घसा बसतो आणि आठव्या दिवशी नेमच बसतो.

नित्यवाचनात पंगत आपणच वाढायची असते. कुकरची शिट्टी, डब्याची घाई, शाळेची बस यांच्यामधून ग्रंथाला वाट काढून द्यायची. म्हणून पारायणाची फळं, पारायणाचे नियम, पारायणाचा वेग, यातलं काहीच इथे लावू नका.

## टप्पा १: प्रत हाताशी आणा

घरात असते ती प्रत बहुधा आजोबांची: बारीक टाइप, अर्थ नाही, पानं पिवळी, लाल कापडात बांधून देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर. पूजेला ती उत्तम. रोजच्या वाचनाला वेगळी प्रत घ्या, ती ‘सार्थ’, म्हणजे अर्थासह छापलेली, हवी. घेताना चार गोष्टी बघा.

१. मूळ ओवी ठळक टाइपात आणि अर्थ तिच्या लगेच खाली. अर्थ पानाच्या तळाशी किंवा प्रकरणाच्या शेवटी असेल तर रोज बोटं पानांत अडकतात.

२. गीतेचा श्लोक त्याच्या जागी छापलेला. कोणत्या श्लोकावर टीका (म्हणजे विवरण) चाललीय हे कळलं नाही तर तेराव्या अध्यायात तुम्ही हमखास हरवणार.

३. प्रत्येक ओवीला क्रमांक. प्रतीप्रतींत एक-दोन ओव्यांचा फरक पडतो. मैत्रिणीच्या प्रतीशी आकडा जुळला नाही म्हणून घाबरू नका.

४. वजन. एका खंडाची जाड प्रत मांडीवर घेऊन वाचणं पन्नाशीनंतर मनगटाला जड जातं. दोन-तीन भागांत मिळाली तर बरी.

प्रत आली की कापडात बांधून वर ठेवू नका. आदर म्हणून आपण ग्रंथ इतका उंच ठेवतो की तो काढायला स्टूल लागतं, आणि ज्या दिवशी स्टूल आणायचा कंटाळा येतो त्या दिवसापासून नेम सुटतो. स्वच्छ पाटावर, बसल्या जागी हात पोचेल असा ठेवा.

तपासा: जिथे रोज बसणार तिथे, त्याच वेळेच्या उजेडात, तेराव्या अध्यायातल्या कुठल्याही पाच ओव्या मोठ्याने वाचा. डोळे बारीक करावे लागले तर आधी दिवा बदला किंवा चष्मा. हे पहिल्या आठवड्यात ढकलू नका.

## टप्पा २: वेळ ठरवू नका, खुंटी शोधा

‘रोज पहाटे साडेपाचला’ असं ठरवणारे बहुतेक सगळे हरतात, कारण घड्याळातले साडेपाच सुट्टीच्या दिवशी, प्रवासात, रात्रपाळीनंतर वेगळेच असतात. त्याऐवजी रोज काहीही झालं तरी घडणारी एक गोष्ट शोधा आणि वाचन तिला टांगा. सकाळचा पहिला चहा ही चांगली खुंटी. अंघोळ करून देवापुढे दिवा लावणं ही त्याहून चांगली, जर ते तुमच्याकडे खरंच रोज होत असेल तर. काहींना संध्याकाळची दिवेलागण सोयीची. माझ्या ओळखीच्या एक काकू मुलं शाळेच्या बसमध्ये चढली की तिथून परत येऊन, चप्पल काढली की वाचायला बसतात. त्यांचा नेम उन्हाळ्याच्या सुट्टीत मोडायचा, मग त्यांनी सुट्टीसाठी दूधवाल्याची बेल ही दुसरी खुंटी ठरवली.

रात्री झोपताना वाचायचं ठरवू नका. रात्री पहिल्या दहा ओव्या तुम्ही वाचता, पुढच्या पंधरा पापण्या वाचतात.

आता सोवळ्याचा प्रश्न. अंघोळीशिवाय ग्रंथाला हात नाही, सुतकात वाचन नाही, पाळीच्या दिवसांत नाही: प्रत्येक घराची रीत निराळी. आमच्याकडे यातलं फारसं पाळत नाहीत. तुमच्याकडे पाळत असतील तर वाद घालत बसू नका, पण त्या दिवसांत काय करायचं हे आजच ठरवा: कोणी वाचून दाखवेल, मोबाइलवर ऐकाल, की पाठ झालेल्या ओव्या मनात म्हणाल. हे त्या दिवशी सकाळी ठरवायला गेलं की उत्तर नेहमी ‘राहू दे’ असंच येतं, आणि चार दिवसांचं ‘राहू दे’ सहज चाळीसवर जातं.

सावध: खुंटी एकच. ‘सकाळी जमलं तर सकाळी, नाही तर संध्याकाळी’ असं म्हणणाऱ्याचं दोन्ही वेळी राहतं.

## टप्पा ३: माप, आणि ३६१ दिवसांचा सापळा

हा भाग पेन्सिल घेऊन वाचा.

नऊ हजारांहून थोड्या जास्त ओव्या, रोज पंचवीस, म्हणजे ३६१ दिवस. ‘वर्षात ज्ञानेश्वरी’ हा हिशोब इतका गोंडस आहे की सगळे त्यालाच भुलतात. उरले किती? चार दिवस. एक ताप, एक लग्न, गावची जत्रा आणि दहा दिवसांचा गणपती त्या चारांत बसवून दाखवा.

शिवाय हा हिशोब पंचांगाशी कसा टक्कर देतो ते बघा. पहिल्या पाच अध्यायांच्या मिळून १३३१ ओव्या. आषाढी एकादशीला सुरुवात करून एकही दिवस न चुकता पंचवीस वाचल्या, तर त्या त्रेपन्नाव्या-चौपन्नाव्या दिवशी संपतात. म्हणजे थेट भाद्रपद शुद्ध पक्ष. ग्रंथातला पहिला अवघड चढ, सहावा अध्याय, आणि घरात गौरी-गणपती, दोन्ही एकाच आठवड्यात. माझी खूण तीनदा तिथेच का अडकली ते मला हा हिशोब मांडल्यावर कळलं. तोवर मी ‘आपल्याला योग कळत नाही’ असं समजत होतो.

म्हणून हे करा: आठवड्याचे सहा दिवस पंचवीस ओव्या, रविवारी नवीन काही नाही. रविवार राखीव. आठवड्यात एखादा दिवस बुडाला असेल तर तो रविवारी भरायचा. नसेल बुडाला तर खुणा केलेल्या ओव्या पुन्हा वाचायच्या. या चालीने ग्रंथ साठ आठवड्यांत होतो, जवळपास चौदा महिने. आषाढी एकादशीला धरला तर पुढच्या वर्षी भाद्रपद वद्य षष्ठीच्या, म्हणजे ज्ञानेश्वरी जयंतीच्या आगेमागे पूर्ण होतो. मधे अधिक मास आला तर महिनाभर जादा हाताशी राहतो.

अध्यायांची लांबी आधीच बघून ठेवा, म्हणजे मधे दम लागणार नाही. पाचवा सर्वांत छोटा, १८० ओव्यांचा, आठवडाभराचं काम. अकरावा ७०८. तेरावा सुमारे ११७०, त्याला सहा दिवसांच्या आठवड्याने आठ आठवडे. अठरावा १८१०, बारा आठवडे; नुसता हा एक अध्याय ग्रंथाचा पाचवा हिस्सा आहे. ‘आता सहाच अध्याय राहिले’ असं बाराव्यानंतर म्हणू नका. बारा अध्याय संपतात तेव्हा अर्ध्याहून जास्त ग्रंथ पुढेच असतो.

पंचवीस हा आकडा सुतळीसारखा धरा, साखळीसारखा नको. ज्ञानेश्वर एका गोष्टीसाठी पाच-सहा दाखले ओळीने देतात: जैसें असं, कां तसं, नाना अमुक, आणि शेवटी ‘तैसें’ म्हणून मूळ मुद्द्यावर येतात. पंचविसावी ओवी या माळेच्या मधोमध आली तर ‘तैसें’ येईपर्यंत पुढे जा, किंवा माळ सुरू होण्याआधीच थांबा. अर्ध्या दाखल्यावर खूण ठेवली की दुसऱ्या दिवशी तो दाखला कशाचा होता हेच आठवत नाही.

तपासा: कॅलेंडरवर पुढच्या साठ आठवड्यांतले रविवार, घरची कार्यं, परीक्षा, प्रवास यांवर पेन्सिलीने रेघ मारा. एखाद्या महिन्यात सलग बारा दिवस मोडणार हे आत्ताच दिसत असेल, तर तो महिना वगळूनच शेवटची तारीख धरा.

## टप्पा ४: बाराव्या अध्यायावर चाचणी

पहिल्या अध्यायापासून थेट सुरू करू नका. आधी बारावा वाचा: २४७ ओव्या, बरोबर दहा बैठका. गीतेचा भक्तियोग, श्लोक वीसच, भाषा प्रसन्न, आणि घरोघर ऐकलेला असल्यामुळे कान आधीच तयार असतो.

या दहा बैठकांत ग्रंथ समजला का ते बघायचं नाही. बघायचं ते हे: खुंटी टिकली का, उजेड पुरला का, घरच्यांची चिडचिड झाली का, एका बैठकीला किती मिनिटं गेली. पंचवीस ओव्या मोठ्याने म्हणायला पाच मिनिटं पुरतात, अर्थासकट वीस. तुम्हाला चाळीस लागत असतील तर माप पंधरावर आणा. पंधरानेही ग्रंथ होतो, दोन वर्षांच्या आतबाहेर. घाई कुणाला आहे?

दहापैकी आठ बैठका झाल्या तर पुढे जा. सहा किंवा कमी झाल्या तर खुंटी बदला आणि चाचणी पुन्हा घ्या. मापाला हात लावण्याआधी खुंटी बदलायची; माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा तिथेच असतो.

मुहूर्ताबद्दल एवढंच: आषाढी, गुरुपौर्णिमा, गोकुळाष्टमी सगळं छान, पण माघात हे वाचत असाल तर आषाढीची वाट बघत पाच महिने घालवू नका. चाचणी उद्या.

## टप्पा ५: रोजच्या बैठकीचा क्रम

क्रम उलटा झाला की सगळं उलटं होतं, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

१. कालच्या शेवटच्या दोन ओव्या. धागा सापडतो. यांना मोजायचं नाही.

२. गीतेचा श्लोक, असेल तर. तुटक म्हटला तरी चालेल.

३. आजच्या ओव्या, सलग, मोठ्याने, अर्थाकडे न बघता. ही पायरी लोक गाळतात. सरळ खालचा अर्थ वाचायला घेतात आणि महिन्याभरात लक्षात येतं की आपण ज्ञानेश्वरी नव्हे, तिच्या खालचं गद्य वाचतोय. ओवी आधी कानातून जाऊ द्या. अर्धी कळली तरी पुष्कळ.

ओवीला चार चरण. पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड आणि सुटा. पहिलीच घ्या: ‘ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥’ आद्या, प्रतिपाद्या, स्वसंवेद्या, आणि मग ‘आत्मरूपा’वर थांबा. श्वास चौथ्या चरणानंतर. प्रत्येक चरणाला श्वास घेणारा तीन ओव्यांत धापा टाकतो. ‘गणेशु’, ‘प्रकाशु’ यातला शेवटचा उकार खाऊ नका. ‘तेणें’, ‘कैसें’ यांच्यावरचा शेवटचा टिंब मात्र ‘म्’ करून आपटू नका. नाकातून हलका निघून जाऊ द्या.

४. आता अर्थ, पण फक्त जिथे अडलं तिथे. काही शब्द आजच्या मराठीचा वेष घालून फसवतात. ‘कां’ हा नेहमी प्रश्न नसतो. दाखल्यांच्या ओळीत तो ‘किंवा’ असतो. ‘नाना’ म्हणजे तिथे पुष्कळ नव्हे, तोही ‘किंवा’च. ‘तरी’ अनेकदा ‘तर मग’ या अर्थाने येतो. ‘येर’ म्हणजे दुसरा, इतर. ‘वांचोनि’ म्हणजे शिवाय, ‘वांया’ म्हणजे फुकट, ‘निकें’ म्हणजे चांगलं. ‘पैं’, ‘गा’, ‘हन’ हे बोलण्यातले ठेके. त्यांचा अर्थ शोधत बसू नका. किरीटी, पार्थ, धनंजय, पंडुसुत, धनुर्धर हे सगळे एकच गृहस्थ. असे तीस-चाळीस शब्द वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्या. दोन महिन्यांत त्या पानाची गरज उरत नाही. शाळेत मराठी शिकलेल्या माणसाला यापेक्षा जास्त तयारी लागत नाही, हे खात्रीने सांगतो.

५. एक ओवी निवडा. सगळ्यात खोल अर्थाची शोधू नका, जी अडकली ती. वहीत तारीख घालून हाताने लिहा. ग्रंथावर पेन्सिल लावायला मन धजत नसेल तर कागदाचा कपटा ठेवा.

६. पुस्तक मिटवण्याआधी उद्याची जागा उघडून बघा. श्लोक कुठला, माळ कुठे संपते. मग खूण ठेवून उठा.

सावध: मोबाइलवर वाचत असाल तर आधी विमान-मोड. तिसऱ्या पायरीत आलेला एक ‘सुप्रभात’ पुरे.

## टप्पा ६: उठल्यानंतर

निवडलेली ओवी दिवसभर बरोबर न्यायची. चिठ्ठीवर लिहून खिशात, ओट्याच्या टाइलवर चिकटवून, किंवा पहिल्या दोन चरणांपुरती पाठ करून. दिवसात तीन ठिकाणी ती म्हणायची, आणि ही तीन ठिकाणंही आधी ठरवून: लिफ्टची वाट बघताना, भांडी घासताना, गाडी सिग्नलला थांबली की. इतकंच. तिच्यावर चिंतन करायला बसू नका. ती आपली आपण एखाद्या प्रसंगाला टेकते.

तेराव्या अध्यायात ही रीत खरी रंगते. गीतेने ज्ञानाची लक्षणं नुसती नावं घेऊन सांगितली आहेत: अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती, आर्जव आणि पुढची. ज्ञानेश्वर एकेका नावावर थांबतात. अहिंसेवर तर ते माणूस चालतो कसा, पाऊल टाकतो कसं, बोलतो कसं, इथपर्यंत उतरतात. कमळावर भुंगा पाय ठेवतो तेव्हा केसर चुरगळेल म्हणून किती हळुवार ठेवतो, हा दाखला तिथलाच. मी त्या आठवड्यात घरात दारं कशी लावतो ते मोजलं होतं. आकडा सांगत नाही. बायकोला विचारा.

म्हणून तेराव्याच्या आठ आठवड्यांत चाल थोडी बदला: दर आठवड्याला एक लक्षण धरा आणि रविवारच्या राखीव वेळात वहीत एकच नोंद करा, ते कुठे मोडलं. कुठे पाळलं ते लिहू नका. ते लिहायला लागलं की अदंभित्वाचा आठवडा वाया गेला असं समजा.

## टप्पा ७: खंड पडल्यावर

पडणारच. नियम आधी ठरलेले असले की लाज वाटायला वेळ मिळत नाही.

वाईट दिवस: जिथे खूण आहे तिथली एकच ओवी, उभ्या उभ्या, मोठ्याने. वहीत अर्धी खूण. ‘एक तरी ओवी अनुभवावी’ हे नामदेवांचं वचन लोक अशा वेळी सवलतीसारखं वापरतात. त्यात अनुभवावी म्हटलंय, उरकावी नव्हे, पण त्या दिवसापुरतं नामदेवराय रागावणार नाहीत. मात्र आठवड्यात तीन अर्ध्या खुणा दिसल्या तर दिवस वाईट नाहीत, माप मोठं आहे.

एक दिवस बुडाला: रविवारी भरा. दुसऱ्या दिवशी पन्नास वाचू नका. पन्नास म्हणजे शिक्षा, आणि शिक्षेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही.

दोन ते सात दिवस: पैकी एकच रविवारी भरा, बाकीचे सोडून द्या. शेवटची तारीख तेवढी पुढे सरकवा. थकबाकीचा हिशोब ठेवला की तो वाढतच जातो. त्याच्या भीतीने माणूस वही उघडत नाही, वही उघडत नाही म्हणून ग्रंथ उघडत नाही.

आठवड्यापेक्षा जास्त: ज्या श्लोकावरची टीका चालू होती त्या श्लोकापासून पुन्हा.

महिन्यापेक्षा जास्त: त्या अध्यायाच्या सुरुवातीपासून. पहिल्या अध्यायापासून कधीही नाही. ‘नव्याने सुरू करू’ म्हणणाऱ्यांची प्रत मी बघितली आहे: पहिल्या अध्यायाची पानं काळी पडलेली, सातव्यापासून कोरी करकरीत.

## अडणारी ठिकाणं

*पहिले चार दिवस.* गणेशाचं रूपक, शारदा, गुरू, महाभारताची थोरवी. ऐंशीहून जास्त ओव्या होईपर्यंत धृतराष्ट्रही तोंड उघडत नाही. ‘गीता कुठे आहे?’ असं वाटणं स्वाभाविक. पुढेही अनेक अध्यायांच्या तोंडाशी असं काही येतं. ते वगळू नका. कान लावायची जागा तीच आहे.

*सहावा अध्याय.* इथे आसन, बंध, कुंडलिनी यांचं तपशीलवार वर्णन येतं. वाचून ते करायला जाऊ नका. मूळबंध आणि जालंधरबंध पुस्तकातून शिकायच्या गोष्टी नाहीत. ऐका, आणि पुढे चला. कळलं नाही म्हणून रेंगाळू नका. इथे रेंगाळणारा सातव्याला पोचत नाही.

*अकरावा.* उलट अडचण: विश्वरूप इतकं ओढून नेतं की पंचविसाच्या ऐंशी होतात. वाचा, पण दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊ नका. जास्त वाचलेलं पुढच्या दिवसाच्या खात्यात जमा होत नाही.

*चौदा ते सतरा.* इथे लोक थकतात, आणि याबद्दल कोणी बोलत नाही कारण इथवर फारसं कोणी येत नाही. जोडीदार शोधायचा तो इथे. एकजण ओव्या म्हणेल, दुसरा अर्थ वाचेल. माझ्या एका मित्राची बहीण परदेशात असते. तिची रात्र, याची सकाळ, फोनवर दोघांचं चालतं. सुरुवातीलाच मोठा गट मात्र करू नका. गटाचं पहिलं काम गट चालवणं हे होऊन बसतं.

## शेवटचा टप्पा: पसायदानाला थांबू नका

अठराव्याच्या अखेरीला पसायदान येतं. नऊ ओव्या, तोंडपाठ, डोळे भरून येतात आणि बहुतेक जण तिथेच ग्रंथ मिटवून पेढे आणायला उठतात. त्यानंतर आणखी काही ओव्या आहेत. कुठे, कोणाच्या राज्यात, कोणत्या गुरुपरंपरेत हे सांगितलं गेलं ते त्यांत येतं, आणि अगदी शेवटच्या ओवीत शक १२१२ हे साल आणि ते लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव.

उद्यापन घरच्या रीतीने करा. पण त्याआधी, आदल्या दिवशीच, खूण पहिल्या अध्यायाच्या पहिल्या ओवीवर नेऊन ठेवा किंवा दुसरं काय वाचायचं ते पाटावर आणून ठेवा. चौदा महिने चहाला टांगलेली गोष्ट एका सकाळी नसली की ती जागा वर्तमानपत्र पटकन घेतं. माझ्याकडे ती सात महिने वर्तमानपत्राकडेच होती.

आणि त्या शेवटच्या ओवीखाली, मन धजलं तर, पेन्सिलीने आपली तारीख लिहा. माझ्या प्रतीत तीन तारखा आहेत. तिसरी माझ्या अक्षरात नाही.